गालिबांचे उतारवय : एका हसऱ्या वार्धक्याची कथा

मिर्झा असदुल्लाखान गालिब यांचे नाव घेतले की सामान्य रसिकाच्या मनासमोर विरहाचे, नैराश्याचे आणि नियतीशी मांडलेल्या वादाचे काव्य उभे राहते. हे चित्र खोटे नाही; मात्र ते अपुरे आहे. गालिबांच्या दिवाणातील बहुतेक प्रसिद्ध गझला त्यांच्या तारुण्यात आणि प्रौढ वयाच्या पूर्वार्धात लिहिलेल्या आहेत. पन्नाशीनंतर त्यांच्या हातून काव्य कमी झाले आणि पत्रे अधिक झाली. या पत्रांतून दिसणारा गालिब हा दिवाणातील गालिबांहून निराळा नसला, तरी निराळ्या प्रकाशात बसलेला आहे. दात पडलेले, कान गेलेले, अंगणात खाट टाकून पडलेले, टपालवाल्याची वाट पाहणारे, आंब्यांच्या करंडीवर लहान मुलाप्रमाणे हरखून जाणारे हे म्हातारे गृहस्थ स्वतःच्या ऱ्हासाकडे पाहून हसत आहेत. या हसण्याचे स्वरूप काय होते, ते कशातून आले आणि त्याची किंमत कोणी दिली, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी साधनांविषयी एक खुलासा केला पाहिजे. गालिबांच्या विनोदाच्या ज्या कथा आज सर्वतोमुखी आहेत, त्यांतील बऱ्याचशा त्यांचे शिष्य अल्ताफ हुसेन हाली यांनी १८९७ साली प्रसिद्ध केलेल्या यादगार-ए-गालिब या चरित्रात आल्या आहेत. गालिबांच्या निधनानंतर अठ्ठावीस वर्षांनी, गुरूवरील भक्तीने लिहिलेल्या त्या कथा आहेत. त्यांतील काही सांगतासांगता घासून गुळगुळीत झाल्या असणे शक्य आहे. याउलट पत्रे ही प्रत्यक्ष गालिबांच्या हातची. हालींच्या कथा आणि पत्रांचा पुरावा या दोहोंची जात वेगळी आहे, हे ध्यानी ठेवूनच पुढील कथन केले आहे.

गालिबांचा जन्म २७ डिसेंबर १७९७ रोजी आग्रा येथे झाला. घराणे मूळचे मध्य आशियातील तुर्कांचे, पेशा तलवारीचा. वडील अब्दुल्ला बेग खान अलवरच्या चाकरीत असता मारले गेले, तेव्हा मूल जेमतेम पाच वर्षांचे होते. चुलते नसरुल्ला बेग खान यांनी सांभाळ केला. पण तेही १८०६ साली वारले. चुलत्यांच्या जहागिरीच्या बदल्यात ठरलेल्या तनख्यातील गालिबांच्या वाट्याला वर्षाचे साडेसातशे रुपये, म्हणजे महिना बासष्ट रुपये आठ आणे आले. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढचे सारे आयुष्य त्याभोवती फिरले. आपला हक्क याहून अधिक आहे अशी गालिबांची ठाम समजूत होती, आणि ती सिद्ध करण्यासाठी त्यांनी दिल्लीहून थेट कलकत्ता गाठले. फेब्रुवारी १८२८ मध्ये ते तेथे पोहोचले आणि दीड वर्ष राहिले. वाटेत बनारसने त्यांना असे भारून टाकले की त्या नगरीवर त्यांनी फारसीत एक मस्नवी लिहिली. दावा मात्र १८३१ साली फेटाळला गेला. पदरी पडले ते कर्ज, आणि कलकत्त्याच्या आंब्यांची आठवण.

तरुण वयातील गालिबांचा मानीपणा प्रसिद्धच आहे. १८४०च्या सुमारास दिल्ली कॉलेजात फारसीच्या अध्यापकाची जागा त्यांना देऊ करण्यात आली होती. ते पालखीतून गेले, साहेब स्वागताला दारापर्यंत आले नाहीत म्हणून थांबले, आणि नोकरीने प्रतिष्ठा वाढावयाची की असलेली जावयाची, अशा अर्थाचे बोलून तसेच परतले, असे हाली सांगतात. पुढे १८४७ साली घरी जुगार चालविल्याच्या आरोपावरून त्यांना सहा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. तीन महिन्यांनी सुटका झाली. अमीरउमरावांत ऊठबस असलेल्या माणसाला हा घाव जिव्हारी लागला. अनेक मित्रांनी पाठ फिरविली, आप्तांनी ओळख दाखविणे टाळले. नवाब मुस्तफाखान शेफ्ता यांच्यासारखा एखादाच पाठीशी उभा राहिला. दारापर्यंत कोणी येत नाही म्हणून परत फिरणारे गालिब आणि पुढच्या काळात आपल्या फाटक्या संसाराची जाहीर थट्टा करणारे गालिब, या दोघांच्या मधोमध हा तुरुंग उभा आहे. मानीपण पुढेही गेले नाही. परंतु मान ही वस्तू दुसऱ्याच्या हाती किती सहज जाते, याचा अनुभव आल्यावर तिच्याकडे थोडे तिरके पाहण्याची सवय त्यांना लागली असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे.

घरातील परिस्थितीही हसण्याजोगी नव्हती. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह लोहारू घराण्यातील इलाही बख्शखान मारूफ यांच्या कन्या उमराव बेगम यांच्याशी झाला. सात अपत्ये झाली. एकही सव्वा वर्षापलीकडे जगले नाही. मग पत्नीचा भाचा जैनुल आबिदीनखान आरिफ याला त्यांनी मुलासारखे जवळ केले. तो चांगला कवी होता. पण १८५२ साली ऐन तारुण्यात तोही गेला. त्याची बाकर अली आणि हुसेन अली ही दोन लहान मुले पुढे गालिबांच्याच घरी वाढली. पंचावन्न वर्षांच्या, कर्जबाजारी, आजारी माणसाच्या अंगावर पुन्हा एकदा बापपण येऊन पडले.

या मुलांविषयी त्यांनी आपले शिष्य मुन्शी हरगोपाल तफ्ता यांना जे लिहिले आहे, ते त्यांच्या वार्धक्याची किल्ली म्हणून दाखविता येईल. तफ्ता हे सिकंदराबादचे कायस्थ. फारसीत अमाप लिहीत आणि दुरुस्तीसाठी बाडेच्या बाडे पाठवीत. आपण गुरुजींना फार त्रास देतो, अशी शंका त्यांना आली. त्यावर गालिबांनी घरचा हिशेब मांडला. ही पोरे मला सुखाने जेवू देत नाहीत, उघड्या पायांनी बिछान्यावर चढतात, कुठे पाणी सांडतात, कुठे धूळ उडवतात, आणि तरी मला राग येत नाही. मग तुमच्या कविता ही तर माझी मानसिक नातवंडे, त्यांचा मला कंटाळा का यावा, असा त्या मजकुराचा आशय आहे. येथे विनोद आहे, पण टोमणा नाही. बिछान्यावरचे चिखलाचे पाय आणि शिष्याची सदोष काव्यरचना ही दोन्ही एकाच मायेच्या कक्षेत आली आहेत. सात मुले पुरलेल्या माणसाने हे लिहिले आहे, एवढे आठवले म्हणजे त्यातील प्रसन्नतेचे वजन कळते.

यानंतर थोडा स्वस्थतेचा काळ आला. १८५० साली बहादूरशहा जफर यांनी गालिबांना किताब दिले आणि तैमूर घराण्याचा इतिहास फारसीत लिहिण्याचे काम महिना पन्नास रुपयांवर सोपविले. १८५४ साली जौक वारल्यावर बादशहाचे काव्यगुरुपदही त्यांच्याकडे आले. हालींच्या अनेक कथा या दरबारी दिवसांतल्या आहेत. किल्ल्यातील बागेत फिरताना गालिब झाडांवरच्या आंब्यांकडे निरखून पाहत होते. काय पाहता, असे बादशहाने विचारले, तेव्हा दाण्यादाण्यावर खाणाऱ्याचे नाव लिहिलेले असते असे जुने लोक म्हणतात, यांपैकी कशावर माझे वा माझ्या वाडवडिलांचे नाव दिसते का ते पाहतो आहे, असे त्यांनी सांगितले. त्याच दिवशी उत्तम आंब्यांची एक करंडी घरी पोहोचली. रमजानात किती रोजे ठेवले, या बादशहाच्या प्रश्नाला त्यांनी एक ठेवला नाही असे उत्तर दिले. एकच चुकला की एकही पाळला नाही, हे ऐकणाऱ्याने ठरवावे. भाषेतील संदिग्धतेवर पोसलेल्या गझलेच्या उस्तादाने तीच विद्या दैनंदिन संभाषणात उतरविली होती.

मग १८५७ साल उजाडले. गालिब साठीच्या उंबरठ्यावर होते. मे महिन्यात बंडवाले शिपाई दिल्लीत शिरले, सप्टेंबरात इंग्रजांनी शहर परत घेतले, आणि त्यानंतर जे घडले त्याने गालिबांचे जग कायमचे पुसून टाकले. ते राहत होते त्या बल्लीमारान भागात पतियाळाच्या महाराजांच्या पदरी असलेल्या हकीमांची घरे होती. महाराजांनी पाठविलेल्या पहाऱ्यामुळे ती गल्ली लुटीतून वाचली. बाकी शहर रिकामे झाले. तीस वर्षे वेडात काढलेला धाकटा भाऊ मिर्झा युसुफ ऑक्टोबरात वारला. कफन मिळेना, कबर खणणारा मिळेना; घरातल्या चादरींत गुंडाळून चार माणसांनी त्याला जवळच्या मशिदीत पुरले. फारसीचे विद्वान सहबाई मारले गेले, फज्ल-ए-हक खैराबादी काळ्या पाण्यावर गेले आणि तेथेच वारले, शेफ्तांना कैद झाली, आजुर्दांची मालमत्ता गेली. तनखा बंद पडला. घरातील कपडे आणि अंथरुणे विकून गुजराण चालली. लोक भाकरी खातात आणि आपण कापड खातो, अशी त्या स्थितीची थट्टा त्यांनी दस्तंबू या आपल्या फारसी रोजनिशीवजा ग्रंथात केली आहे. आपल्या कवितांच्या नकला ते स्वतः कधी नीट ठेवीत नसत. ज्या दोन स्नेह्यांच्या ग्रंथसंग्रहात त्या होत्या, ते दोन्ही संग्रह लुटले गेले. पुढे एकदा एक भिकारी आपलीच गझल गात चाललेला ऐकून त्यांनी ती त्याच्याकडून कागदावर मिळविली आणि ती पाहून त्यांना रडू कोसळले.

याच ऑक्टोबरात त्यांना एका इंग्रज कर्नलसमोर उभे करण्यात आले. मुसलमान आहेस का, या प्रश्नाला त्यांनी अर्धा असल्याचे सांगितले. अर्धा कसा, तर दारू पितो, डुकराचे मांस खात नाही. कर्नल हसला आणि मिर्झा सुखरूप घरी परतले, अशी हालींची कथा आहे. ही कथा सांगणारे बहुधा हसतात. परंतु त्या दिवसांत दिल्लीत मुसलमान असणे हाच पुष्कळदा अपराध होता, हे विसरून चालणार नाही. हा विनोद फुरसतीतला नव्हता; फासाच्या छायेत उभे राहून केलेला होता. आणि त्यात आत्मरक्षणाबरोबर थोडे आत्मनिंदेचे विषही आहे. हसून जीव वाचविणाऱ्याला आपण कशावर हसलो हे पुढे जन्मभर आठवत राहते.

दस्तंबूमध्ये इंग्रजांची स्तुती आहे, आणि ती तनख्याच्या आशेने केलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच माणसाने खासगी पत्रांतून उद्ध्वस्त दिल्लीचे जे वर्णन केले, त्याला तोड नाही. पानिपतला जाऊन राहिलेल्या मीर मेहदी मजरूह यांना ते शहराची खबर कळवीत: अमुक बाजार उरला नाही, तमुक मोहल्ला पाडला, जामा मशिदीपासून राजघाटापर्यंत ओसाड मैदान झाले, विहिरींचे पाणी खारट झाले. हिंदू रहिवाशांना १८५८च्या आरंभी परतण्याची मुभा मिळाली. मुसलमानांना त्यानंतरही बराच काळ परवान्यावाचून शहरात राहता येत नव्हते. गालिबांची मित्रमंडळी अशा रीतीने गावोगाव विखुरली. ज्याला संभाषणावाचून घास गोड लागत नसे, त्या माणसाच्या भोवती कोणी उरले नाही.

गालिबांच्या पत्रांचे खरे कारण येथे सापडते. उर्दूत पत्रे लिहिण्यास त्यांनी १८५०च्या आसपासच आरंभ केला होता. फारसी इतिहासाचे काम डोक्यावर असता आणखी फारसी लिहिण्याचे श्रम नकोत, हे त्याचे हालींनी दिलेले कारण आहे. परंतु १८५७ नंतर पत्र ही त्यांची मैफल झाली. फारसी पत्रलेखनातील लांबलचक मायन्यांची माळ त्यांनी तोडून टाकली. कधी मियाँ, कधी भाई असे म्हणून ते एकदम विषयाला हात घालतात. कधी दाराशी कोणी आल्याची बतावणी करून पत्रात नाटकच उभे करतात. लेखणीने बोलणे आणि विरहात भेटीचे सुख भोगणे ही आपली रीत आहे, असा त्यांचा दावा होता, आणि तो त्यांनी खरा करून दाखविला. १८५४च्या टपालसुधारणेने अर्ध्या आण्याच्या तिकिटात पत्र देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात जाऊ लागले होते. ज्या राजवटीने त्यांची मैफल मोडली, तिच्याच टपालाने ती पुन्हा भरविली, हा इतिहासाचा उपरोध गालिबांच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही. आज त्यांची आठशेहून अधिक उर्दू पत्रे उपलब्ध आहेत. त्याच शतकाच्या मध्याला मराठीत लोकहितवादींनी प्रभाकर साप्ताहिकात पत्ररूपाने गद्य घडविण्यास आरंभ केला, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकास सहज आठवेल. तथापि लोकहितवादींचे पत्र समाजाला उद्देशून आहे, त्यात उपदेश आहे. गालिबांचे पत्र एका माणसाला उद्देशून आहे आणि त्यात उपदेश जवळजवळ नाही. भारतीय भाषांतील आधुनिक गद्याला ज्या अनेक वाटांनी पाय फुटले, त्यांतील ही सर्वांत घरगुती वाट म्हणता येईल.

या पत्रांतला विषय तरी कोणता? पावसाळा, भाडे, भाजी, टपाल. गालिबांनी जन्मभर स्वतःचे घर बांधले नाही; ते भाड्याच्या वास्तूत राहिले. पावसाळ्यात छत गळू लागे. पाऊस थांबला तरी छताचे बरसणे थांबत नाही, कुठे तस्त, कुठे पिकदाणी लावून ठेवावी लागते, असे ते मोठ्या तपशिलाने कळवतात. खाण्यापिण्याचा हिशेब तर एखाद्या वैद्याने लिहावा तसा आहे. सकाळी सात बदामांचा रस साखरेच्या सरबतात, दुपारी शेरभर मांसाचा दाट रस्सा, संध्याकाळच्या सुमारास कधी तीन तळलेले कबाब, आणि रात्र पडल्यावर पाच रुपये भार दारू, तेवढ्याच अर्कात मिसळून. पाच रुपये भार, अधिक नाही. जगण्याची मात्रा कमी कमी होत असता त्या मात्रेचे माप काटेकोर ठेवणे, ही एक प्रकारची साधनाच होती.

आंब्यांचे वेड मात्र मापात बसत नव्हते. ठिकठिकाणचे स्नेही त्यांच्याकडे आंबे पाठवीत, आणि कलकत्त्यास असता हुगळीच्या इमामवाड्याच्या व्यवस्थापकांकडे त्यांनी स्वतःच आंब्यांची मागणी केली होती. आंब्यात दोनच गुण असावेत, तो गोड असावा आणि पुष्कळ असावा, हा त्यांचा निर्णय प्रसिद्ध आहे. आंबे न आवडणाऱ्या एका हकीम मित्राने, रस्त्यातील सालींना तोंड न लावणाऱ्या गाढवाकडे बोट दाखवून, पाहा, गाढवही आंबा खात नाही, असे म्हटले. गाढव खात नाहीच, असे गालिबांनी शांतपणे मान्य केले. म्हातारपणी हे सुखही आटले. आता एका बैठकीत दहाबारांहून अधिक जात नाहीत, मोठे असले तर पाचसहाच, अशी खंत त्यांनी लिहून ठेवली आहे. ही खंत खोटी नाही. परंतु ती लिहिताना त्यांच्या ओठांवर काय होते, हे कळण्यास कल्पनेला फारसे ताणावे लागत नाही.

स्वतःच्या देहाकडे पाहतानाही हीच दृष्टी आहे. तारुण्यात गालिब देखणे होते. उंच, गोरे, आणि त्याची जाणीव असलेले. दाढीमिशांत पांढरे केस आले, तेव्हा गालांवर मुंग्यांची अंडी दिसू लागली असे त्यांनी हातिम अली मेहर यांना कळविले. पुढचे दोन दात गेले तेव्हा दातांना मिस्सी लावणे सोडले आणि दाढी राखली. पण या शहरात मुल्ला, भिस्ती, भटियारा सारेच दाढी राखतात आणि डोक्यावर केस वाढवतात. म्हणून ज्या दिवशी दाढी राखली त्याच दिवशी डोके तासले. वार्धक्य स्वीकारावयाचे, पण गर्दीसारखे नाही, हा गालिबांचा बाणा. काव्यात चालत्या वाटेने जावयाचे नाही हे व्रत त्यांनी न्हाव्यापुढेही मोडले नाही.

मृत्यूशी त्यांनी केलेली थट्टा याच जातीची आहे. अक्षरांच्या संख्यामूल्यांवरून वर्ष काढण्याची एक जुनी फारसी कला आहे. गालिब मेला, या अर्थाच्या फारसी शब्दांतून हिजरी १२७७ हे वर्ष निघते, हे पाहून आपण त्या साली, म्हणजे इसवी सन १८६०-६१ मध्ये मरणार, असे त्यांनी जाहीर करून टाकले. त्या वर्षी दिल्लीत साथीचा रोग पसरला, माणसे पटापट मेली. मिर्झा जिवंत राहिले. मग मजरूहांना खुलासा गेला की भविष्य चुकले नव्हते, परंतु सार्वजनिक साथीत सर्वांबरोबर मरणे आपल्याला कमीपणाचे वाटले. साथ ओसरल्यावर पाहू. या थट्टेत मोठे दुःख दडले आहे. ज्याच्या सर्व प्रिय माणसांना इतिहासाच्या एका लाटेने एकत्र वाहून नेले, तो आपला मृत्यू तरी आपला असावा असे म्हणत आहे.

परंतु या हसऱ्या वार्धक्याची दुसरी बाजू सांगितल्यावाचून चरित्र पुरे होणार नाही. लग्नाला बेडी आणि पत्नीला गळफास म्हणण्याचा विनोद गालिबांनी जन्मभर केला. एका ओळखीच्या गृहस्थाची दुसरी पत्नी वारल्याचे कळले तेव्हा, त्याच्या बेड्या दोनदा तुटल्या आणि आमचा फास पन्नास वर्षांत ना तुटतो ना जीव घेतो, असे त्यांनी लिहिले. वाचक हसतो, आणि उमराव बेगम यांचे म्हणणे कुठेच ऐकू येत नाही. त्या धर्मनिष्ठ होत्या; पतीच्या मद्यपानामुळे त्यांनी आपली भांडी वेगळी ठेवली होती, असे हाली सांगतात. सात मुले त्यांचीही गेली होती, आरिफ त्यांच्याच बहिणीचा मुलगा होता, आणि कबाब व बदामांचा तो काटेकोर हिशेब त्यांच्याच चुलीवरून येत होता. त्यांचे एकही पत्र आपल्यापाशी नाही. ज्याच्या हाती लेखणी असते त्याचेच वार्धक्य विनोदी ठरते, हे साहित्याच्या अभ्यासकाने गालिब वाचताना एकदा तरी स्वतःशी कबूल करावे.

दुसरी मर्यादा त्यांच्या मानीपणाची. १८६२ साली त्यांनी बुर्हान-ए-काते या मान्यवर फारसी कोशावर टीका करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. भारतीय फारसी पंडितांना त्यांनी तुच्छ लेखिले आणि मोहोळ उठले. उत्तरे-प्रत्युत्तरे झाली, निनावी शिव्यांची पत्रे येऊ लागली. एका पत्रात आईवरून शिवी होती. म्हाताऱ्याला मुलीवरून, तरुणाला बायकोवरून आणि मुलाला आईवरून शिवी देतात, या मूर्खाला शिवीही देता येत नाही, असा अभिप्राय त्यांनी दिला, ही हालींची कथा. पण सारेच हसण्यावारी गेले नाही. एका विरोधी ग्रंथकाराविरुद्ध १८६७ साली सत्तरीच्या गालिबांनी अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली आणि पुढच्या वर्षी ती मागे घेतली. विनोद हे त्यांचे चिलखत होते, आणि चिलखताला फटी होत्या.

पैशाचा प्रश्न अखेरपर्यंत सुटला नाही, मात्र थोडा सैल झाला. जुलै १८५९ पासून रामपूरचे नवाब युसुफ अलीखान महिना शंभर रुपये देऊ लागले. मे १८६० मध्ये सरकारी तनखा पूर्ववत झाला. तीन वर्षांची थकबाकी सव्वादोन हजार रुपये हाती आली आणि सावकारांच्या हाती गेली. ते दोनदा रामपूरला जाऊन आले. युसुफ अलीखान यांच्यानंतर गादीवर आलेले कल्ब अलीखान एकदा प्रवासास निघताना गालिबांना परमेश्वराच्या हवाली करतो म्हणाले. तेव्हा परमेश्वराने मला आपल्या हवाली केले होते, आपण उलट परमेश्वराच्याच हवाली करता, अशी तक्रार त्यांनी नोंदविली. आश्रिताची लाचारी आणि समकक्षाची मोकळीक एकाच वाक्यात नांदविण्याची ही कला होती.

अखेरची वर्षे खाटेवर गेली. अंगावर फोड उठले, ऐकू येणे बंद झाले. भेटीस आलेला मनुष्य कागदावर प्रश्न लिही आणि ते तोंडाने उत्तर देत. हात थरथरू लागला तेव्हा पत्रे दुसऱ्याकडून लिहवून घ्यावी लागली. आपली पत्रे छापण्याची कल्पना १८५८ साली शिष्यांनी काढली, तेव्हा त्यांनी ती नाकारली होती. सहज बोललेले छापावयाचे कसले, हा त्यांचा भाव. शेवटी त्यांनी संमती दिली. ऊद-ए-हिंदी हा पहिला संग्रह ऑक्टोबर १८६८ मध्ये निघाला. दुसरा, उर्दू-ए-मुअल्ला, मार्च १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला; तो पाहण्यास ते उरले नव्हते. मृत्यूच्या एक-दोन दिवस आधी नवाब अलाउद्दीन अहमदखान यांच्या पत्राला त्यांनी उत्तर लिहविले, असे हाली सांगतात: माझी प्रकृती मला काय विचारता, एकदोन दिवसांनी शेजाऱ्यांना विचारा.

१५ फेब्रुवारी १८६९ रोजी दुपारी गालिब वारले. निजामुद्दीन येथे लोहारू घराण्याच्या दफनभूमीत, चौसष्ट खांब्यापाशी, त्यांना मूठमाती देण्यात आली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत उमराव बेगमही गेल्या.

गालिबांना बोलणारा प्राणी म्हणण्यापेक्षा हसणारा प्राणी म्हणणे अधिक यथार्थ होईल, असा हालींचा अभिप्राय होता. त्यात थोडी भर घालाविशी वाटते. गालिबांच्या वार्धक्यात दुःख कमी झाले म्हणून हसू आले, असे दिसत नाही. त्या वर्षांत दुःखाला तोटा नव्हता. हसू आले ते दुःखाला दिवसाच्या एका कोपऱ्यात बसवून उरलेल्या जागेत नातवंडांचे पाय, टपालाची थैली आणि आंब्यांची करंडी यांना जागा करून दिल्यामुळे. दिवाणातील गालिब आपल्या दुःखाला विश्वाएवढे करतात. पत्रांतील गालिब विश्वाला आपल्या खाटेएवढे करतात. या दुसऱ्या कामाला पहिल्यापेक्षा कमी प्रतिभा लागते, असे मला तरी वाटत नाही.